तेलकट डबा आणि शेवटचा हत्ती

ताईला बुद्धिबळात हरण्याचा दांडगा अनुभव होता. सोफे शिवणाऱ्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज एक डाव पडायचा. नियम हेडमिस्त्रींनी स्वतः घातलेला: जो जिंकला नाही, त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. बरोबरीचं नाव सांगून कोणी निसटू नये म्हणून ही पाचर. मिस्त्री रोज जिंकायचे. बाकीचे लवकरच शहाणे होऊन बाजूला झाले, राहिली ताई. सगळ्यात तेलकट डबा मिस्त्रींचा, आणि तोही तिच्याच नशिबी.

"अगं, सोड ना तो नाद," नवरा म्हणायचा. "हात बघ कसे झालेत."

"मी हरते, कंटाळत नाही," ती म्हणायची.

आणि खरंच, बाई एकाच तऱ्हेने दोनदा हरली नाही! कधी घोडेच पुढे दामटायची, कधी वजीर फुकट देऊन बघायची. कापड कमी पडलं म्हणून सोफा अर्धा सोडणाऱ्यांतली ती नव्हती; भिंतीकडच्या बाजूला जोड देऊन पुरा करायची. हरली की नळावर डब्यांची झाकणं मांडून तोच डाव पुन्हा खेळायची. अशीच झाकणं सरकवताना तिला मिस्त्रींची खोड सापडली. जिंकत आले तरी ते लगेच मात करत नसत. आधी समोरच्याचं एकूण एक मोहरं खायचे, मिटक्या मारत.

मिस्त्रींच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. एकदाही डबा न घासता हा माणूस घरी गेला असता, तर ताईला जन्मभर रुखरुख लागली असती.

डाव नेहमीच्याच वळणावर गेला. मिस्त्रींनी तिचे घोडे खाल्ले, उंट खाल्ले, वजीर खाल्ला. तिचा राजा कोपऱ्यात अडकला, हलायला घर नाही. एकुलतं एक प्यादं समोरच्या प्याद्याला नाक लावून उभं. उरला एक हत्ती.

"डबे गोळा करा रे," मिस्त्री म्हणाले.

ताईने हत्ती उचलला आणि थेट त्यांच्या राजाशेजारी नेऊन ठेवला. "शह."

पॉलिशवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "ताई, फुकट घालवलात!"

"जाता जाता हाही खातो," म्हणत मिस्त्रींनी राजानेच तो गट्टम केला. "हं, खेळा."

"काय खेळू? प्यादं अडलंय. राजाला शह नाही, पण पाऊल टाकायला जागाही नाही. मला चालच नाही, मिस्त्री. डाव बरोबरीत."

मिस्त्रींनी चष्मा पुसून पट पुन्हा पाहिला. "म्हणजे मी जिंकलो नाही," ते पुटपुटले.

"मीही नाही. नियम तुमचाच!"

कारखान्यात एकच कल्ला झाला. ताईला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

दोघं नळावर गेली. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. "घासणी कुठे असते?"

ताईने ती त्यांच्या हातात दिली. "आधी तुमचाच घ्या," ती म्हणाली.