सकवारबाईंच्या बाहुल्यांचे चेहरे

पेट्या उघडल्या आणि विशालाक्षीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

राणोजीराव कौतुकाची वाट बघत उभे होते. नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणून बायकोला न सांगता त्यांनी आईच्या साऱ्या बाहुल्या रंगवायला दिल्या होत्या. वेस्ट मांबलमच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये आता राम चकचकत होता, रावण चकचकत होता, भाजीवालीसुद्धा चकचकत होती. आणि सगळ्यांना एकच तोंड! गुलाबी गाल, टपोरे डोळे, लाल ओठ.

"अम्मा गेल्यावरचा पहिलाच कोलू," राणोजीराव म्हणाले. "रंग उडाले होते गं. चेहरे तेच ठेवा म्हणून सांगितलं होतं मी त्यांना."

सांगितलं होतं म्हणे! आता या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं की काय?

राणोजीरावांच्या आई सकवारबाई तंजावरहून लग्न होऊन मद्रासला आल्या. नवरा रेल्वेत. नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवायच्या, तो कोलू. आणि दरवर्षी त्यात एक तरी नवी हवी, ही इथली रीत. पण बाजारातली बाहुली बाईंच्या मनाला येईना. "दुकानातला राम कुणाकडेच बघत नाही," म्हणायच्या. मग स्वतःच रद्दी भिजवायच्या, कुटायच्या, चिंचोक्यांची खळ घालून मळायच्या, आणि मळता मळता आपणच रचलेली पदं म्हणायच्या. शेजाऱ्यांशी तमिळ, रामाशी मात्र मराठी. तीही गोडीगुलाबीची नव्हे हं! धाकटा मुलगा गुंडो तापानं गेला तेव्हा रामाला तोंडाला येईल ते बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यालाच फुलं वाहिली. "भांडायला तरी दुसरं कोण आहे मला?"

त्या वर्षी भरत केला तो गुंडोच्या तोंडवळ्याचा. तेव्हापासून प्रत्येक बाहुलीला कुणा ना कुणाचा चेहरा. रावणाच्या दहाही तोंडांना थोरल्या दिरांच्या मिशा! ते दरवर्षी त्याच्यासमोर बसून हरभऱ्याची उसळ चापायचे, आणि मरेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. कुठला चेहरा कुणाचा, हे बाई कधी सांगत नसत. "डोळे आहेत ना? शोधा."

विशालाक्षीनं स्वतःला पुष्कळ शोधलं होतं. पायऱ्या मांडताना ती एकेक बाहुली उजेडात धरायची. मी आहे का यांत? एवढी माणसं घेतलीत, दूधवाला घेतलात, मग सून? विचारायची मात्र छाती होत नव्हती. नाही म्हणाल्या तर?

सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून गेल्या नवरात्रात पेट्या माळ्यावरच राहिल्या. राणोजीरावांनी हात लावू दिला नाही. यंदा सावकाश बसून शोधीन, असं ती धरून चालली होती. आणि हे शहाणे सगळं पुसून मोकळे!

ती टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून घासायला बसली. गुलाबी गाल निघाले, पण त्यांच्याबरोबर खालचा जुना रंगही आला आणि कागदाचा करडा लगदा दिसू लागला. दुसरी घासली, तेच. तिसरी घासली. हातांची आग आग झाली.

"विशाला, पुरे. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय उपयोग? मी कुठे होते यांत, तेवढं सांगा. होते तरी का?"

राणोजीराव चपापले. "नव्हतीस," ते हळूच म्हणाले.

तिला वाटलं, आता ही बाहुली यांच्या अंगावरच भिरकावावी.

"अम्मानं पुष्कळदा केली गं तुझी. दरवेळी मोडायची. म्हणायची, सुनेचा चेहराच मिळत नाही मला. हाक मारली तर ओट्याकडं तोंड ठेवूनच 'काय?' म्हणते. नुसत्या पाठीवरून कशी करू?"

विशालाक्षी उठली. तसल्याच बरबटलेल्या हातांनी भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज चढला होता तिचा.

"मग एकदा तरी 'ये, बस समोर' म्हणायचं होतंत ना, अम्मा! गॅस बंद करून बसले असते की हो मी!"