मामांची बांबूउडी

जमिनीवर राहणं ज्यानं मनापासून कधी मान्यच केलं नाही असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पंचाहत्तरी ओलांडल्यावर ते सिंगापुरात जुरोंग ईस्टला त्यांच्या लेकीकडे, शुभदाकडे, म्हणजे आमच्याच ब्लॉकमध्ये राहायला आले. तरुणपणी ते बांबूउडी मारत आणि एकदा ऑलिंपिकलाही जाऊन आले होते. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची रीतच निराळी. कुणी हौसेनं नवा फ्लॅट दाखवला, तर मामा छताकडे बघून "ह्याच्यावरून मी सहज गेलो असतो" एवढाच अभिप्राय देत. सिंगापूर मात्र त्यांना पहिल्याच दिवशी पटलं, कारण इथे खिडकीखिडकीतून कपडे वाळत घातलेले बांबू बाहेर आलेले. एकदा शेजारच्या चिनी मावशींनी दाराशी टेकवलेला बांबू त्यांनी उचलला, वाकवून पाहिला आणि कानाशी धरून टिचकी मारली. एवढ्यात मावशी बाहेर आल्या. मामांनी बांबूची मनसोक्त तारीफ केल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अंकल, ओन्ली फॉर वॉशिंग लाह."

ऑलिंपिकची गोष्ट ते कुणी विचारली नाही तरी सांगत. बोटीच्या प्रवासात त्यांचा बांबू सुकून तडकला. स्पर्धेच्या दिवशी एका परदेशी खेळाडूनं त्यांना आपला बांबू दिला. त्या परक्या बांबूवर मामांनी पहिली उंची पार केली आणि दुसऱ्या उंचीला तिन्ही वेळा दांडी पाडली. झालं, संपली कारकीर्द. पण हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत म्हणून नसे. "शेवटच्या वेळी वरून मैदान काय सुंदर दिसलं," असं म्हणून ते थांबत. हरलेल्या दिवसातून एवढंच उचलून आणणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.

घराजवळच्या मैदानावर कॉलेजची मुलं फायबरच्या काठीनं उड्या मारायला येत. मामा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागले, आणि काही दिवसांनी त्यांनी प्रशिक्षकाकडे एक उडी मागितली. शुभदानं साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांचे गुडघे कामातून गेले होते आणि छातीचं दुखणंही होतं. मामा गप्प बसले, तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं. एका शनिवारी ते घरात नाहीत असं दिसल्यावर शुभदा आणि मी मैदानाकडे धावलो. पोचलो तेव्हा दांडी छातीइतक्या उंचीवर लावलेली होती आणि मामा काठी घेऊन पळत सुटले होते. हाक मारायची आमची हिंमत झाली नाही. काठी रोवली गेली, ते वर उचलले गेले, आणि दांडीला घेऊनच पलीकडच्या जाड गादीवर पडले. मग हललेच नाहीत.

शुभदा धावत जवळ पोचली. मामा डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होते.

"बाबा, लागलं का?"

"नाही गं. आम्ही जन्मभर वाळूत पडलो. पडल्यावर आधी हाडं चाचपायची. इतक्या मऊ जागी आज पहिल्यांदाच पडलोय. जरा पडू दे."

रागवायचं ठरवून आलेल्या शुभदानं चपला काढल्या आणि तीही वडिलांच्या शेजारी आडवी झाली. रांगेतली मुलं काठ्या टेकवून वाट बघत उभी राहिली.