बाभळीची मोटार

न्हावऱ्यात एसटीच्या थांब्यासमोर माझं चहाचं हॉटेल, आणि त्याला लागून म्हस्कू सुताराचं छप्पर. चाळीस वर्षं मी दूध आटवतोय आणि तो बैलगाड्यांसाठी बाभूळ तासतोय. लोक म्हणतात, म्हस्कूला विलायती मोटारींतली अस्सल कुठली आणि नक्कल कुठली ते कळतं. डोंबल कळतं! त्याला एकाच मोटारीतलं कळतं. कसं ते हा बन्सी सांगतो, मधे बोलू नका.

म्हस्कूचा बाप दगडोबा. कारागीर नंबर एक, आणि थापाड्याही नंबर एक. त्याच्या गाडीचं चाक दहा वर्षं करकरायचं नाही. पण गोष्ट सांगायला बसला की ऐका! घोडनदीला पूर आला तेव्हा म्हणे हा गाडीच्या चाकावर बसून थेट भीमेपर्यंत वाहत गेला, आणि तोंडातली चिलीम विझली नाही. एक बैल आजारी पडला तर म्हणे जुवाची दुसरी बाजू यानंच खांद्यावर घेतली आणि शिरूरचा बाजार करून आला. बैल दमला, हा नाही.

या सगळ्यांत त्याची लाडकी थाप एक. मोठी लढाई चालू होती तेव्हाची. दौंडला रेल्वेचा एक गोरा इंजिनेर होता. त्याची लाल मोटार, बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीत पळवायची. वरून पत्रा, पण आतला सांगाडा लाकडाचा. दौंडच्या वाळवीला ते विलायती लाकूड फार गोड लागलं. सांगाडा पोखरून निघाला, तेव्हा साहेबानं दगडोबाला बोलावून घेतलं, आणि यानं आठ दिवसांत बाभळीचा नवा सांगाडा बसवला. आता नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आपण बिब्बा बांधतोच. साहेबाच्या मडमेला ते काळं काय ते नको होतं. मग दगडोबानं पुढच्या आडव्या लाकडाला डाव्या अंगाला गुपचूप भोक पाडलं, आत बिब्बा आणि भोकाचा पैसा घातला, आणि वरून खुंटी ठोकली. साहेब कामावर इतका खूश झाला की त्यानं दगडोबाला शेजारी बसवून न्हावऱ्याला आणून सोडलं.

"आबा, गावात कुणी पाह्यलं का पर तुम्हाला?" आम्ही विचारायचो.

"ओढ्यापल्याडच उतरलो की रं. पुढं चिखल हुता."

अख्खं हॉटेल हसायचं, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. त्याचं नाव 'मोटारवाले' मीच पाडलं. या मोटारवाले, चहात साखर टाकू का पेट्रोल? म्हातारा कधी चिडला नाही. बशीत चहा ओतून गप प्यायचा. चिडायची ती त्याची बायको भामाबाई, आणि तीही नवऱ्यावरच. तिच्या मते ते आठ दिवस दगडोबा तमाशाच्या तंबूत होता. त्या आठ दिवसांवरून ती सत्तावीस वर्षं भांडली!

एकाहत्तर साली दगडोबा गेला. जाताना म्हस्कूला म्हणाला, "बाकीचं सोड. मोटारीचं तेवढं खरं हाय." म्हस्कूनं ते काळजात धरलं. आणि मी काय केलं? बापाचं नाव पोराला चिकटवलं. तेव्हापासून म्हस्कूनं माझ्याशी बोलणं टाकलं. पलीकडच्या हॉटेलात चहाला जायचा. त्या हॉटेलातला चहा म्हणजे निव्वळ गरम पाणी, तरी जायचा.

शहात्तर साली, भर बाजारच्या दिवशी, माझ्या दारात दोन मोटारी येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही लाल, दोन्ही बिनटपाच्या, अगदी जुळ्या. त्यांतून उतरले पुण्याचे दोन पारशी शेठ, एकमेकांचे साडू. सोराबशेठ बारीक आणि रडव्या तोंडाचा. जालशेठ गलेलठ्ठ, आणि कुठल्याही गोष्टीची शंभर टक्के खात्री असलेला. चहा मागवला आणि भांडायला लागले. त्यावरून कळलं ते एवढंच, की असली मोटार आपल्या देशात एकच आली होती, दौंडच्या इंजिनेराची. यांच्याकडं झाल्या होत्या दोन. म्हणजे एक कुणीतरी मागाहून बनवलेली नक्कल. कुठली, ते ओळखणारा माणूस शोधायला दोघं दौंडला निघाले होते.

मला नको तिथं गंमत सुचते. मी म्हणालो, "शेठ, दौंडला कशाला जाता? आमचे मोटारवाले शेजारीच हायेत."

बाजारातली माणसं हसत गोळा झाली. म्हस्कू हातातलं वाकस घेऊन बाहेर आला. माझ्याकडं असं पाहिलं की जणू त्याला लाकूड नव्हे, मलाच तासायचंय. मग त्याची नजर मोटारींवर गेली आणि तो पांढरा पडला.

आधी त्यानं जालशेठच्या मोटारीची बैठक काढायला लावली. आत डोकं घातलं, वास घेतला, नखानं लाकूड उकरलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, विलायती.

"लाकूड झ्याक हाय शेठ. पर दौंडात राह्यलेल्या गाडीला वाळवीचा एक दात न्हाई?"

"माल असली होय तर वाळवी पण अदबीनं लांब राहते!" जालशेठ म्हणाला.

मग सोराबशेठच्या मोटारीची बैठक निघाली. आत काळपट लाल, गाठीगाठीची बाभूळ! एका कोपऱ्यात तेवढं वीतभर पांढरं लाकूड शिल्लक होतं, वाळवीनं चाळण केलेलं. जालशेठ पोट धरून हसला. "अरे बावा सोराब, विलायतेत बाभूळ उगवते काय? तुला तर कुणी बैलगाडी विकली!" सोराबशेठ बिचारा रडायच्या बेताला आला.

म्हस्कूनं बाभळीवर तळहात ठेवला. "हीच खरी हाय. नक्कल करनारा बाभूळ कशाला घालंल? तो तुमच्यावानी गोरं लाकूड हुडकंल. ही बाभूळ माझ्या बानं घातली, साहेब दौंडात असताना."

"नाहीतर ही नकली गाडी तुझ्या बापानंच बनवली!" जालशेठ म्हणाला.

झालं! बाजार फिदीफिदी हसला. म्हस्कूनं पटका काढून बाजूला ठेवला. "पुढच्या लाकडात डाव्या अंगाला खुंटी हाय. तिच्यामागं बिब्बा आन् भोकाचा पैसा निघंल. तो पैसा लढाईच्या टायमाचा, कवाचा बंद झालाय. न्हाई निघाला तर हितंच, सगळ्यांदेखत म्हनंन, माझा बा खोटारडा हुता."

आता हसणं थांबलं. छपराच्या दारात भामाबाई येऊन उभी राहिली होती. तिच्यादेखत तो हे बोलला होता.

म्हस्कूनं मोटारीचं तोंड उघडलं, समोर उभा राहून हात आत घातला आणि चाचपून खुंटी शोधली. खुंटी होती! पटाशी लावली, दोन ठोके दिले, खुंटी बाहेर. त्यानं भोकात बोट घातलं. तसंच ठेवलं. मग काढलं.

भोक रिकामं होतं.

पहिल्यांदा कोण हसलं? मीच, कशाला खोटं बोलू. मग सगळा बाजार हसला. म्हस्कू जमिनीकडं बघत उभा होता. त्यानं तोंड उघडलं, "माझा बा..."

"आरं ए मुडद्या!" भामाबाई दारातनं कडाडली. "गाडीच्या म्होरं उभा राहून डावं-उजवं धरतोस व्हय? सुताराचा हायेस का कोन? गाडीचा डावा म्हंजी बैलाचा डावा!"

खरंच की! बैलाच्या तोंडाची दिशा तीच गाडीची दिशा, हे शेंबडं पोरही सांगेल. घाबरलेला सुतार तेवढं विसरला होता. तो दुसऱ्या अंगाला गेला. तिथंही तशीच खुंटी; कुणाला संशय येऊ नये म्हणून बापानं दोन्ही अंगांना जोडीनं ठोकली असणार. दोन ठोके. यावेळी त्यानं बोट घालायच्या आधीच एक काळा, सुकलेला बिब्बा घरंगळून त्याच्या तळहातावर पडला. मागनं दोऱ्यात अडकलेला भोकाचा पैसा.

सोराबशेठनं पैसा चष्म्याजवळ नेला, त्यावरचं साल वाचलं, एकोणीसशे चव्वेचाळीस, आणि साडूकडं बघून तो दिवसभरात पहिल्यांदा हसला. जालशेठची खात्री कुठं गेली ती गेली. तो म्हणे, चहा फारच गोड आहे.

भामाबाई पुढं आली. बिब्बा हातात घेतला आणि भर बाजारात रडायलाच लागली. "आवं धनी, एवढं खरं बोलायचं हुतं, तर एवढ्या खोट्यात कशाला मिसळलंत! मी सत्तावीस वर्सं तमाशाचा डाग लावला तुम्हाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नवऱ्यावर संशय घेतला, पण भांडण घरातलं होतं. मी तर चव्हाट्यावर हसलो होतो, आणि म्हातारा माझ्याच बशीतला चहा पीत गप बसला होता.

म्हस्कूनं बिब्बा पैशासकट जागच्या जागी ठेवला, खुंटी ठोकली. सोराबशेठ म्हणाला, "बोल दीकरा, काय पायजे तुला?"

"मला शेजारी बसवून दौंडला न्या. पर आधी बाजारातनं तीन फेऱ्या मारा. हळू. ह्या टायमाला साक्षीदार पायजेत."

आणि मारल्या की तीन फेऱ्या! म्हस्कू पटका बांधून नवरदेवासारखा ताठ बसलेला. प्रत्येक फेरीला माझ्या दारापाशी गाडी थांबवायला लावायचा. "बन्सी, दिसतोय का रं?" पाच वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी ओरडून सांगितलं, "दिसतोयस बाबा, दिसतोयस!" मग मोटार ओढ्याकडं गेली, धुरळा उडाला, आणि त्यापुढचं काही मी पाहिलं नाही.

आता म्हस्कू पहिल्यासारखा माझ्याकडंच चहा पितो, आणि गिऱ्हाइकांना त्या दिवसाची गोष्ट सांगतो. बापाचं रक्त आहे! दरवर्षी ती मोटार थोडी पुढं जाते. आधी दौंडपर्यंत होती, मग पाटसला गेली. हल्ली तर तो सांगतो, सोराबशेठचे हात दुखायला लागले तेव्हा चाक मीच धरलं, आणि दौंडच्या फाटकापासनं मनमाडच्या आगगाडीला मागं टाकलं. ऐकणारे गालातल्या गालात हसतात आणि माझ्याकडं वळतात. "काय बन्सीशेठ, कुणी पाह्यलं का?"

न्हावऱ्यात उभं राहून दौंडची रेल्वे दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"म्या पाह्यलं," मी सांगतो, आणि म्हस्कूच्या बशीत चहा ओततो.