आग्वा

आपल्या महाडजवळच्या दासगावच्या बंदरातून होडी सुटली तेव्हा, आये, तू गुडघाभर चिखलात उतरून ओरडलीस, "पानी मागशील तर दारापासनं लांब बस रे! कुनाला शिवू नको!" बाकीच्यांच्या आया जेवणाखाण्याचं सांगत होत्या. आपण महारवाड्यातली माणसं. तू मला जीव कसा वाचवायचा ते सांगत होतीस.

मुंबईत बोटीवर कोळसा टाकायचं काम लागलं आणि त्या बोटीने मला पार ब्वेनोस आयरेसला आणून टाकलं. इथे सगळे स्पॅनिश बोलतात. एका खलाशाने पहिला शब्द शिकवला, आग्वा. म्हणजे पाणी. अर्थ लगेच कळला. वापरायचा कसा हे कळताना मात्र माझी पुरती भंबेरी उडाली.

भर उन्हात एका घरासमोर गेलो. रोसा नावाची बाई तिथे लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. मी लांब उकिडवा बसलो, ओंजळ पुढे केली आणि म्हणालो, "आग्वा." ती पेला भरून आली, माझ्या ओंजळीकडे बघत राहिली, आत गेली आणि चक्क साबण घेऊन आली! तिला वाटलं, मला हात धुवायचेत. हात धुतल्यावर तिने पेला माझ्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. आता ही किंचाळणार, माणसं धावून येणार, एवढंच माझ्या डोक्यात. ओठ न लावता कसेबसे दोन घोट घेतले. उरलेलं पाणी तिने त्याच पेल्यातून गटागट पिऊन टाकलं आणि कामाला लागली. मी हादरलो, आये. रस्त्यात उभा राहून रडलो. इतकं सोपं होतं हे? मग तिकडे आपण कोणाचं घोडं मारलं होतं?

पुढे रोसाच्याच मुलीशी मी लग्न केलं. आमची सखू आता चांगली हिंडती-फिरती झाली आहे. तहान लागली की दिसेल त्या घरात घुसते, "आग्वा!" म्हणून ओरडते, पिते, पेला तिथेच टाकून पळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावत जाऊन तिला दंडाला धरून बाहेर ओढली. पोर घाबरून माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. घरातली माणसंही.

नातीला एकदा डोळे भरून बघू दे, असा निरोप तू धाडतेस. माझाही जीव तुटतो. पण तिला महाडला आणायचं तर कुठल्या दारात शिरायचं नाही, हे आधी शिकवावं लागेल. ते शिकवणारा बाप मला व्हायचं नाही. जिथे ते शिकवावं लागत नाही, त्यालाच मी आता घर म्हणतो.

आम्ही येत नाही, आये. तूच ये.