भट्टीच्या भिंतीकडचं झाड

१२ मार्चच्या सकाळी कलमवाल्या काकांनी मोजून एकशे पासष्ट रुपये खिशात घातले. पाच वर्षांपूर्वी बेकरीवाल्या बाईंना विकलेल्या आलुबुखाराच्या कलमाची ही किंमत; झाड वेळेवर फुलत नाही असा बाईंचा निरोप आल्यानं ती परत करायची होती.

"चष्मा घ्या," बायको म्हणाली. "तेव्हा घातला असता तर आज मान खाली घालून जावं लागलं नसतं."

काकांनी चष्म्याचं घर खिशात टाकलं. नर्सरीत लवकर फुलणारं आणि उशिरा फुलणारं अशी दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती. डोळा भरताना, म्हणजे कलम बांधताना, कुठल्या झाडाची काडी घ्यायची, हे चाळीस वर्षं त्यांच्या हातांनाच ठाऊक असे. पण त्या वर्षी नजर अधू झाली होती. हात चुकला असेल, तर त्या वर्षीचं एकही कलम खात्रीचं उरणार नव्हतं.

बेकरीचं अंगण पावाच्या वासानं जडावलेलं होतं.

"या काका! तुमचं झाड अजून जांभया देतंय. लवकर फुलणारं म्हणून भलतंच गळ्यात मारलंत की! थंडी बाधू नये म्हणून मी मुद्दाम भट्टीच्या भिंतीला लावलं होतं."

काकांनी भिंतीला तळवा टेकला. विटा निजलेल्या गाईच्या पाठीसारख्या कोमट होत्या. उभ्या उभ्याच त्यांच्या पापण्या मिटू लागल्या. तेवढ्यात एक पांढरी पाकळी तरंगत आली आणि बाहीवर बसली.

एक फांदी कुंपणाच्या भिंतीवरून मागच्या गल्लीत गेली होती. काका वळसा घालून तिथे पोचले. हिवाळाभर ऊन न शिवलेली ती गारठलेली गल्ली, आणि तिच्यात ती फांदी पांढरीशुभ्र, मधमाश्यांनी गुणगुणत होती. नर्सरीतलं लवकर फुलणारं मूळ झाड फुललं होतं तशीच, वेळेवर. अंगणात परतून त्यांनी ती बोटांनी बुंध्यापर्यंत चाचपली. कलमाच्या सांध्याच्या वरूनच निघाली होती, म्हणजे खालच्या खुंटाची नव्हे, त्यांनी बांधलेल्या कलमाचीच होती.

"बाई, जात तीच आहे. पण थंडीत गाढ झोप झाल्याशिवाय याच्या कळ्या जाग्या होत नाहीत. तुम्ही त्याला रात्रंदिवस शेकत बसलात."

"म्हणजे माझीच माया नडली म्हणा!"

"कुठे लावायचं ते मी सांगायला हवं होतं."

काकांनी पैसे पुढे केले, तर बाईंनी ते परत त्यांच्या मुठीत कोंबले. "भट्टीपासून लांब, अंगणाच्या त्या गार कोपऱ्यात दुसरं लावून द्या."

काकांनी घरी येऊन ती पाकळी चष्म्याच्या घरात ठेवली. बेकरीवाल्या बाईंना ते अजून एक कलम देणं लागतात.