पहिली लाथ कुणाची

फुटबॉलचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, बाईमाणूस, हिला खेळातलं काय कळतंय! खेळातलं नसेल कळत, पण खेळ कोण कुणाचा करतं ते चांगलं कळतं.

आम्ही मूळचे सायखेड्याकडचे. वडील गेल्यावर आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन सातपूरला भाड्याच्या खोलीत आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दादाला एका कारखान्यात घेतलं होतं ते त्याच्या पायांसाठी. कंपनीचा फुटबॉलचा संघ होता. दादा टेम्पररी. काही महिने प्रेसवर काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं. ब्रेकच्या दिवसांत आमच्याकडे चहासुद्धा पातळ व्हायचा.

दादा मात्र निवांत. "लाथ मारीन तिथं पाणी काढीन," असं म्हणायचा. आई म्हणायची, "आधी घरातला माठ भर, मग काढ काय काढायचं ते."

एका वर्षी कंपनीच्या साहेबांनी दादाला शब्द दिला. जिल्ह्याचा चषक आणा, मला वर दाखवायला काहीतरी द्या, तुला परमनंट करून घेतो. परमनंट! सातपुरात या शब्दाला काय वजन होतं ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. मुलगी बघायला गेलं तरी पहिला प्रश्न तोच. संघ फायनलला पोचला आणि आईने मनातल्या मनात दारात मांडवसुद्धा घातला.

नेमकी तेव्हाच जिल्ह्याची फुटबॉल संघटना फुटली. एकीच्या दोन झाल्या. एकीचा अध्यक्ष नगरसेवक, दुसरीचा बिल्डर. दोघांनी जन्मात एक मॅच पुरती पाहिली असेल तर शपथ! मग संघटना कशाला हवी? अहो, संघटना ज्याची, मैदान त्याच्या ताब्यात. तिथे सर्कस लावा, प्रदर्शन भरवा, भाडं घ्या. वर सरकारी अनुदान, राज्याच्या संघटनेत मत, पेपरात फोटो. फुटबॉल गेला उडत.

फायनलला आई ठेवणीतलं पातळ नेसून आली. आयुष्यात पहिल्यांदाच मैदानावर. दोन्ही अध्यक्ष आले होते, दोघांचे बॅनर, दोघांचे हार. मॅच सुरू करायची तर पाहुण्याने बॉलला पहिली लाथ मारायची, हा आपल्याकडचा रिवाज. आता पहिली लाथ कुणाची? ह्यांचे कार्यकर्ते म्हणाले आमच्या साहेबांची, त्यांचे म्हणाले आमच्या साहेबांची. झालं! माइकवरून एकमेकांची उणीदुणी सुरू. कुणीतरी बॉल उचलून जीपमध्ये नेऊन ठेवला. पंचांनी दुसरा आणला, तर तो कुठल्या संघटनेचा म्हणून पुन्हा वाद.

शेवटी दादा मध्ये गेला. हात जोडून म्हणाला, "साहेब, दोघांनी मारा ना. एकदा तुम्ही, एकदा ते. पण आम्हाला खेळू द्या."

"तू कोण रे शहाणा? खाली बस."

एवढंच. आणि दादा बसला, बूट घातलेला, भर मैदानात. ऊन उतरलं, अंधारून आलं. दिवे नव्हतेच. मॅच रद्द झाली. आईला काही उमजेना. ती मला विचारत होती, "काय गं, जिंकला का आपला?" मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

पुढे दोन्ही संघटनांनी आपापली वेगळी फायनल जाहीर केली. कंपनीने राज्याच्या संघटनेला विचारलं, मान्यता कुणाच्या चषकाला? उत्तर आलं, दोघांच्याही नाही. कंपनी कंटाळली, संघच मोडला. दादाला पुढचा ब्रेक मिळाला तो मिळालाच. परत बोलावणं नाही. दादा परमनंट झाला नाही, ब्रेक तेवढा परमनंट झाला. आई गेली तोवर तो एका मंडप डेकोरेटरच्या टेम्पोवर लागला होता. लग्न त्याचं झालंच नाही.

दोन हजारनंतरची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. फुटबॉलच्या स्पर्धेचं उद्घाटन आहे, खुर्च्या भरायला मुलं आणा, असा निरोप आला. मैदान तेच. स्टेजवर नगरसेवक आणि बिल्डर शेजारी शेजारी, एकमेकांना पेढा भरवत. दोघे आता एकाच पक्षात, संघटनाही एकच झालेली. वाटणी ठरली असणार, दुसरं काय! आणि मंडपाच्या खांबाला दोर आवळत दादा उभा.

"ए मंडपवाल्या, साहेबांपुढे बॉल नीट ठेव रे," कुणीतरी ओरडलं.

दादाने हातातला दोर सोडला. वाकून बॉल ठेवला, तळव्याने थोपटून स्थिर केला, जुन्या सवयीने चार पावलं मागे गेला आणि थांबला. नगरसेवक साहेबांनी लाथ मारली. बॉल जेमतेम पहिल्या खुर्चीपर्यंत घरंगळला. माझी मुलं टाळ्या वाजवत होती. दादाही वाजवत होता. मला त्या स्टेजला आग लावावीशी वाटली.

कार्यक्रम आटोपल्यावर मी टेम्पोपाशी गेले. तो पहार आत टाकत होता. मी विचारलं, "दमलास का रे?"

"दमणार नाय तर काय," दादा म्हणाला. "साहेबांच्या स्टेजचा खांब बरोब्बर गोलपुढं आला. लय पहारी मारल्या तिथं. जमीन पार दगड झालीय गं. पाणी कुठलं निघतंय."