कसबा पेठेत पाठीवर पंप

शिरूरहून पुण्याची एसटी पकडली तेव्हा मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. लग्न, बाळंतपण, दवाखाना असलं कुठलंच निमित्त नसताना मी पहिल्यांदाच एकटी पुण्याला निघाले होते, आणि तेही औजार घ्यायला! आमच्याकडे साडी बाई निवडते आणि औजार बाप्या. पण आमचे हे सदा ट्रकवर, त्यामुळे फवारणी माझ्याकडे. हातपंपाचा दांडा डाव्या हाताने वरखाली करून गेल्या हंगामात माझा खांदा पार कामातून गेला. "वहिनी, औंदा शाळूची ज्वारी वाट्यानं देऊन टाकू," असं दीर म्हणाले. वाट्याने दिलेल्या रानात आपण पाहुणे होतो, आणि मला पाहुणी व्हायचं नव्हतं. "पुण्याला जाऊन पंप बघते. नाहीच झेपला, तर द्या," असं सांगून मी निघाले.

शनिवारवाड्यापाशी उतरले. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "काका, पंप कुठं मिळतो हो?"

"सायकलचा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही, पाठीवर घ्यायचा. बॅटरीचा, नाहीतर पेट्रोलचा."

आता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पेट्रोल पंप पाठीवर घेणार? घ्या की. पुण्यात कोण कुणाला अडवतं!"

आमच्या गावात फवारणीच्या यंत्राला नुसतं पंपच म्हणतात, हे समजावता समजावता मलाच हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. बुधवार पेठेतली गल्ली त्यांनी अगदी नीट सांगितली आणि पुन्हा पेपरात शिरले.

गल्लीत मुनीरभाईंचं दुकान सापडलं. आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत पंपच पंप! निळे, पिवळे, हिरवे. जत्रेत आल्यासारखं वाटलं मला.

"साहेब आले नाहीत?" मुनीरभाईंनी माझ्यामागे बघत विचारलं.

"पंप माझ्या पाठीवर बसणार आहे, साहेबांच्या नाही."

"मग आपणच बघा," असं म्हणून त्यांनी पेट्रोलचा पंप खाली काढला. दोरी ओढताच दुकान दणाणलं. हाच घ्यावा असं क्षणभर वाटलं, पण पाठीवर घेतला आणि दातापर्यंत थरथर पोचली. नको बाई! मग बॅटरीचा निघाला. बटण दाबलं की नळीच्या टोकातून धुक्यासारखा फवारा. "आणि गावाची वीज गेली तर?" असं मी विचारताच त्यांनी तिसरा पुढे ठेवला. चालायचा बॅटरीवर, पण बॅटरी संपलीच तर बाजूला दांडाही होता. माझं मन तिथेच अडकलं. पण रिकामा पंप कुणालाही हलकाच वाटणार.

"पाणी भरून द्या. चालून बघते."

"अहो, पाणी भरलेला पंप नवा म्हणून मी कुणाला विकू?"

"भाई, चालवून बघितल्याशिवाय आम्ही बैल घेत नाही."

ते हसले. दाखवायला ठेवलेला तसलाच पंप त्यांनी काठोकाठ भरला आणि पट्टे माझ्या खांद्यांना बेताचे करून दिले. "पळून जाऊ नका म्हणजे झालं."

"एवढं पाणी घेऊन पळेन कुठं?"

रस्ता ओलांडून मी कसबा पेठेतल्या बोळांत शिरले. डावा खांदा आता बोलेल, मग बोलेल, असं धाकधुकीने चालले होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली, "आलात का एकदाच्या! डासांनी फोडून काढलं, तेव्हा उगवलात!"

एक आजीबाई मला महापालिकेची फवारणीवाली समजल्या होत्या.

"आजी, हे नुसतं पाणी आहे हो!"

"ते नुसतंच असतं, आम्हाला ठाऊक आहे. मारा."

काय करणार? मारलं! गटारावर मारलं, जिन्याखाली मारलं, शेजारच्या बोळातूनही बोलावणं आलं तिथे मारलं. "कोपरा राहिला," "नीट वाका जरा," अशा वरून सूचना चालूच. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकी संपली तेव्हा आजींनी हात हलवला, मीही हलवला. आणि मग लक्षात आलं की मी डावा हात डोक्याच्या वर नेला होता. बोळाच्या तोंडाशी मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "जमलं गं बाई!"

मुनीरभाईंनी नवा पंप बांधून दिला आणि वर गल्लीतल्या अमृततुल्यचा चहा पाजला. आल्याचा तो चहा आणि क्रीमरोल मी एखाद्या पाहुणचारासारखा घेतला. परतीच्या एसटीत पंप शेजारच्या सीटवर ठेवला, तर कंडक्टर म्हणाले, "ह्याचं अर्धं का पुरं?"

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत पंप पाठीवर घेऊन रानात उतरले. दीर बांधावर येऊन उभे राहिले. ज्वारीच्या शेंड्याची कोवळी गुंडाळी असते ना, पोंगा म्हणतात, त्यात लष्करी अळी दडते. इतकी वर्षं माझा डावा हात दांड्याला बांधलेला, त्यामुळे मी वरवरच फवारत गेले. आज तो मोकळा होता. हातमोजा घातलेल्या त्या हाताने मी एकेक पोंगा उघडत होते, आत बघत होते, मग फवारत होते. आपल्याच पिकाचं तोंड मी पहिल्यांदा असं हातात धरून बघत होते. प्रवास लांबचा नव्हता, पण मला तो माझ्या रानात घेऊन आला.

"वहिनी, मग वाट्यानं रान मागणाऱ्याला काय सांगू?" दिरांनी बांधावरून विचारलं.

"सांगा, रानाला बाई आहे."